मांडीतले छिद्र बुजते, खिशातले कधी बुजणार?

स्टेंट स्वस्त झाले, सरकारने गरिबाचे हृदय वाचवले, असे ढोल २०१७ पासून वाजत आहेत. हे श्रेय आम्ही नाकारत नाही. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने, म्हणजे एनपीपीएने, साध्या धातूच्या स्टेंटवर ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटवर २९,६०० रुपये अशी कमाल किंमत घातली. त्याआधी औषध लावलेला स्टेंट सरासरी सव्वा लाखाच्या घरात विकला जात होता. ही मर्यादा आपोआप आलेली नाही. बिरेंद्र सांगवान या वकिलाला त्यासाठी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका लढवावी लागली. पण आमचा प्रश्न पुढचा आहे. स्टेंटवर ताला लागला, मग अँजिओप्लास्टीचे बिल त्या मापाने खाली का आले नाही?

उत्तर बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. तिथे बलून, गाइडवायर, कॅथेटर यांच्या रांगेत 'क्लोजर डिव्हाइस' अशी एक ओळ सापडते. पुढे हजारांत आकडा. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या वस्त्यांमधून लोक आमच्याकडे बिल समजून घ्यायला येतात तेव्हा स्टेंट काय असतो हे त्यांना माहीत असते, पण ही ओळ कशाची ते घरातल्या एकालाही ठाऊक नसते. ज्याचे पैसे आपण भरले ती वस्तू काय होती हे माहीत नसणे, इथूनच लूट सुरू होते. म्हणून आधी ती वस्तू समजून घेऊ.

हृदयाच्या नळ्यांपर्यंत पोहोचायला डॉक्टर शरीरातल्या एखाद्या धमनीला छिद्र पाडतात. एक वाट मांडीच्या सांध्यातून, दुसरी मनगटातून. काम झाले की नळी बाहेर काढतात आणि धमनीला पडलेले छिद्र बंद करावे लागते. मांडीतल्या छिद्रासाठी जुना उपाय म्हणजे माणसाचा हात. पंधरा-वीस मिनिटे बोटांनी दाब धरायचा, मग पट्टी, बऱ्याच ठिकाणी वर रेतीची पिशवी, आणि रुग्णाने काही तास पाय न हलवता पडून राहायचे. नवा उपाय म्हणजे हे क्लोजर डिव्हाइस. काही उपकरणे धमनीला आतून टाका घालतात. काही छिद्रावर कोलेजनचे बूच बसवतात, ते साधारण ९० दिवसांत शरीरात विरघळते. रक्त लवकर थांबते, रुग्ण लवकर उठतो.

वस्तू चांगली आहे. आम्ही यंत्राचे वैरी नाही. पोट न फाडता महाधमनीची दुरुस्ती करताना किंवा मांडीतून हृदयाची झडप बसवताना छिद्र इतके मोठे असते की तिथे असे उपकरण लागतेच. ज्याला दम लागतो, जो तासन् तास उताणा पडू शकत नाही, त्याच्यासाठीही ते उपयोगाचे. प्रश्न रोजच्या साध्या अँजिओग्राफीचा आणि अँजिओप्लास्टीचा आहे.

त्याबद्दल विज्ञान काय म्हणते? २०१४ साली जर्मनीतल्या आयसार-क्लोजर या चाचणीचे निष्कर्ष आले. मांडीतून अँजिओग्राफी झालेले ४,५२४ रुग्ण त्यात होते. रक्त थांबायला उपकरणाने १ मिनिट लागले, हाताच्या दाबाने १०. धमनीच्या गुंतागुंती उपकरणाच्या गटात ६.९ टक्के, हाताच्या गटात ७.९ टक्के. संशोधकांनी काढलेला अर्थ असा की उपकरण हातापेक्षा वाईट नाही. जीव जास्त वाचतात, असे काही सिद्ध झाले नाही. उलट मनगटाच्या वाटेचा फायदा ठसठशीत दिसला. २०११ च्या रायव्हल या चाचणीत ७,०२१ रुग्ण होते. धमनीच्या मोठ्या गुंतागुंती मांडीच्या वाटेने ३.७ टक्के, मनगटाच्या वाटेने १.४ टक्के. मनगटातले छिद्र बंद करायला प्लास्टिकचा फुगणारा पट्टा किंवा घट्ट पट्टी पुरते. धमनीत बूच बसवावेच लागत नाही.

आता हिशोब मांडा. नऊ मिनिटे वाचली ती कोणाची? दाब धरून उभे राहणाऱ्या तंत्रज्ञाची, नर्सची, आपण ज्याला 'मामा' म्हणतो त्या वॉर्डबॉयची. म्हणजे इस्पितळाला माणसे कमी लागतात. रुग्ण लवकर उठला की खाट रिकामी होते आणि दुसरा रुग्ण येतो. रुग्णालाही आराम मिळतो, हे खरे. पण खाट इस्पितळाची वाचली, मनुष्यबळ इस्पितळाचे वाचले आणि उपकरणाचे सगळे पैसे मात्र रुग्णाच्या नावावर चढले. सोय मालकाची, बिल गरिबाचे. हा न्याय आपल्या पूर्वजांनी वेठबिगारीत पुरेपूर भोगलेला आहे. आता तो एसी कॅथ लॅबमध्ये बसला आहे, इतकाच फरक.

कोणी म्हणेल, एमआरपी छापलेली असते, इस्पितळ त्याच्या वर घेत नाही, मग तक्रार कसली? मित्रहो, एमआरपी हाच तर सापळा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये एनपीपीएने दिल्ली परिसरातल्या चार खासगी इस्पितळांच्या बिलांचे विश्लेषण केले. औषधे, साहित्य आणि तपासण्यांवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतल्याचे त्यात दिसले. सगळ्यात मोठा वाटा उत्पादकाच्या नव्हे, इस्पितळाच्या खिशात जात होता. घाऊक खरेदी करणारे इस्पितळच जास्त एमआरपी छापलेला माल मागते, कारण खरेदीचा भाव आणि छापील भाव यांतले अंतर त्याचेच असते. कायदा मोडावाच लागत नाही, कायद्याच्या आत राहून लुटता येते.

कायद्याची भिंत किती बुटकी आहे तेही बघा. १ एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणे कायद्याने 'औषध' ठरली. पण कमाल किंमत फक्त यादीतल्या वस्तूंना. बाकीच्यांना एवढेच बंधन की बारा महिन्यांत एमआरपी १० टक्क्यांहून जास्त वाढवू नये. पहिली एमआरपी किती ठेवायची हे कंपनीच ठरवते. डोंगरावर घर बांधायची मोकळीक द्यायची आणि वर सांगायचे, दर वर्षी एकच मजला चढवा! शिवाय २०१७ च्या आदेशाने बिलात स्टेंटची किंमत, ब्रँड, उत्पादक आणि बॅच क्रमांक वेगळा लिहिणे इस्पितळांवर बंधनकारक केले. धमनीच्या आत राहणाऱ्या स्टेंटची ओळख रुग्णाला मिळते, तर त्याच धमनीच्या तोंडावर बसणाऱ्या बुचाची का मिळू नये?

ही ओळख पैशापुरती नाही. कोलेजनचे बूच बसलेल्या जागी ९० दिवसांच्या आत पुन्हा सुई घालायची असेल तर डॉक्टरला जागा थोडी बदलावी लागते. त्यासाठी रुग्णाला कार्ड द्यायचे असते. ते कार्ड किती जणांच्या फाइलमध्ये आहे? जंतुसंसर्ग झाला, धमनी बंद झाली, तर उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम जुलै २०१५ पासून देशात सुरू आहे. पण आपल्या अंगात काय बसवले हेच माहीत नसलेला माणूस तक्रार कशाची नोंदवणार?

आणि ते कोलेजन कुठून येते? 'अँजिओ-सील' या जगभर वापरल्या जाणाऱ्या उपकरणातले कोलेजन गोवंशीय आहे. जनावराच्या शरीरातून काढलेले, शुद्ध केलेले, निर्जंतुक पाकिटात बंद केलेले. याच महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढवली आणि खाटकांच्या, चामड्याच्या व्यवसायातल्या हजारो हातांवर गदा आली. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातेत उना इथे मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या आपल्या भावांना गाडीला बांधून झोडपले. मेलेल्या जनावराला हात लावला म्हणून ज्यांना पिढ्यान् पिढ्या गावाबाहेर ठेवले, त्याच जनावराचा अंश आज चकचकीत पाकिटातून येतो आणि स्वतःला गोरक्षक म्हणवणाऱ्याच्या धमनीतही सुखाने विरघळतो. तिथे विटाळ नाही. विटाळ वस्तूला कधीच नव्हता, तो माणसाला चिकटवलेला होता. आम्हाला कोलेजनचे वावडे नाही. पण अंगात काय जाते हे प्रत्येक रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. संमती म्हणजे ऑपरेशनच्या दारात कोऱ्या फॉर्मवर घेतलेला अंगठा नव्हे.

काही मित्र विचारतील, आंबेडकरी चळवळीने आता नळ्या आणि बुचांच्या भावावर बोलायचे का? होय, बोलायचे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अदारकर यांच्याकडे दिले गेले. १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. कामगार आजारी पडला तर त्याचा खर्च एकट्या कामगाराचा नाही, मालकाचा आणि राज्याचाही आहे, हे तत्त्व या देशाच्या कायद्यात असे आले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधले आणि उल्हासनगरचे कामगार विमा रुग्णालय ही त्याच कायद्याची लेकरे. संविधानाचे ४७ वे कलम सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. १९९६ साली पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी इस्पितळाने वेळेवर उपचार न देणे हा २१ व्या कलमाचा भंग आहे. बुचाचा भाव हा म्हणूनच संविधानाचा प्रश्न आहे.

आपल्या जिल्ह्यात या कर्तव्याची काय दशा आहे? ऑगस्ट २०२३ मध्ये ठाणे महापालिकेच्या कळव्यातल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. चौकशी समिती नेमली गेली, मथळे झाले, विसरले गेले. छातीत कळ आली की आजही कल्याण-डोंबिवलीचा माणूस शीव, केईएम, जेजेची वाट धरतो किंवा जवळच्या खासगी दारात दागिने मोडतो. सरकारी रुग्णालय दुबळे ठेवले की खासगी बिलाला आपोआप गिऱ्हाईक मिळते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

म्हणून भाषण पुरे, कामाला लागू. प्रत्येक वस्तीत बिल वाचू शकणारे दोन-तीन तरुण तयार झाले पाहिजेत. त्यांनी पुढील गोष्टी पाठ कराव्यात.

१. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले तर पॅकेजमध्ये साहित्यही येते. क्लोजर डिव्हाइसचे वेगळे पैसे मागितले तर आरोग्यमित्राला गाठा, १५५३८८ वर तक्रार करा, लेखी पोच घ्या.

२. जानेवारी २०२१ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. अमुकच दुकानातून माल घ्या, अशी सक्ती करता येत नाही. फलक नसेल तर फोटो काढा आणि महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्याकडे अर्ज द्या.

३. तातडीचा झटका नसेल तर आधीच डॉक्टरांना विचारा: मनगटातून होईल का? मांडीतूनच करायचे असेल तर हाताच्या दाबाने भागेल का? उपकरण का हवे, कोणते, केवढ्याचे? विचारणे म्हणजे डॉक्टरशी भांडण नव्हे. प्रामाणिक डॉक्टर उत्तर देतो. झटका आलेला असेल तर मात्र उपचार थांबवू नका, हिशोब नंतर मागा.

४. कंत्राटी सफाई कामगार, डोंबिवली एमआयडीसीतले कामगार यांनी पगाराची पावती तपासावी. २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारा कामगार विम्यात येतो. कंत्राटदार कपात दाखवतो आणि कार्ड देत नाही, असे असेल तर ती चोरी आहे.

५. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांना माहिती अधिकारात विचारा: तुमच्या रुग्णालयांत अँजिओप्लास्टीची सोय आहे का, ती चोवीस तास चालते का, गेल्या वर्षी किती रुग्ण बाहेर पाठवले?

आणि सरकारकडे आमची मागणी स्वच्छ आहे. क्लोजर डिव्हाइस, बलून, गाइडवायर, कॅथेटर यांना स्टेंटसारखी कमाल किंमत लावा. बिलात नाव, उत्पादक, बॅच क्रमांक वेगळा लिहिणे बंधनकारक करा. हे अशक्य असल्याचे कोणी सांगू नये, स्टेंटच्या बाबतीत ते करून दाखवलेले आहे.

एका वकिलाच्या याचिकेने स्टेंटची किंमत सव्वा लाखावरून तीस हजारांच्या आत आली. शिकलेल्या, संघटित झालेल्या हजारो तरुणांनी बिल वाचायला सुरुवात केली तर काय होईल, याचा विचार इस्पितळांच्या मालकांना करू द्या. आपण बिले गोळा करायला लागू.

जयभीम!