कलाशिक्षकांचे स्थान

भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीस लिपी व सुंदरीस अंकविद्या शिकविली, हे पाठशाळेतील बालकांनाही ठाऊक असते. परंतु आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात, भगवंतांनी भरतास अर्थशास्त्राबरोबर नृत्यशास्त्र, वृषभसेनास गायन-वादनाचे शास्त्र आणि अनंतविजयास चित्रकला शिकविल्याचेही वर्णन आहे. याचे स्मरण क्वचितच होते. अक्षर, अंक आणि कला या तिन्ही विद्यांचा गुरू एकच होता.

समाजाच्या शाळांतून मात्र कलाशिक्षकाची आठवण प्रसंगापुरती होते. महावीर जयंतीचा देखावा, स्वागतगीत, स्नेहसंमेलनातील नृत्य हे सारे त्याच्याकडून हवे असते. परीक्षा जवळ आली की त्याचीच तासिका गणिताला दिली जाते. वेतनही बहुधा तासिकेच्या हिशेबाने. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने १०० हून अधिक विद्यार्थी असलेल्या उच्च प्राथमिक शाळेसाठी अंशकालीन कला निदेशकाची तरतूद केली आहे. पण ती किमान मर्यादा होय. त्याहून अधिक देण्यास विश्वस्तांना कोणाचीही आडकाठी नाही.

वेरूळच्या जैन लेण्यांच्या छतांवर आजही रंगांचे अवशेष दिसतात. ते रंगविणारे हातही कोणा गुरूनेच घडविले असतील. उत्सवात उत्साहाने बोली बोलणाऱ्या समाजाने एक बोली कलाशिक्षकांच्या पूर्णवेळ वेतनासाठीही बोलावी. चतुर्विध दानांतील ज्ञानदान ते हेच.