कोऱ्या कागदावर सही करू नका!

मागच्या रविवारी माझे चुलते मुंबईहून आमच्याकडे कासाला आले होते. महापालिकेतून निवृत्त झालेले साधे गृहस्थ. चहापाणी झाल्यावर पिशवीतून एक कागद काढून म्हणाले, "बाळा, तू रोज ऑफिसात कागदांतच असतोस. हा जरा वाचून दाखव. कंपनीचा माणूस म्हणतो, उद्यापर्यंत सही पाहिजे."

कागद संमतिपत्राचा होता. त्यांच्या सोसायटीची जुनी इमारत पाडून एका मोठ्या कंपनीला तिथे टॉवर उभारायचा आहे. नवे घर किती चौरस फुटांचे, मधल्या काळात भाडे किती, ताबा कधी, या साऱ्या जागा कोऱ्या. सहीची जागा तेवढी खूण करून ठेवलेली! शेजारची तीन घरे तर कंपनीने रोख पैसे देऊन विकत घेतली आहेत म्हणे.

वाचकहो, आपल्या डहाणू-तलासरीत आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून बिगर-आदिवासीच्या नावे होत नाही, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण नोकरीसाठी बोईसर, विरार, मुंबईला जाऊन पोटाला चिमटा काढून फ्लॅट घेतलेल्या आपल्याच माणसांना त्या फ्लॅटचा कायदा ठाऊक नसतो. म्हणून आजचा हा विषय.

आधी एवढे पाहा की, आपली इमारत सहकारी सोसायटी आहे की १९७० च्या कायद्याखालचे अपार्टमेंट? सोसायटीत एका सभासदाला एकच मत असते, आणि ते स्वतः हजर राहून द्यायचे असते. मुखत्यार पाठवून चालत नाही. अपार्टमेंटमध्ये मात्र मत बहुधा सामाईक जागेतील हिश्शाच्या टक्क्यांवर मोजतात. तिथे एखादी कंपनी एकेक फ्लॅट घेत गेली, तर तिचे वजन वाढतच जाते. म्हणून अपार्टमेंटवाल्यांनी आपले घोषणापत्र आणि उपविधी काढून वाचावेत.

आता सोसायटीचा हिशेब मांडू. काकांच्या सोसायटीत ४० सभासद आहेत. सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ रोजी शासनाने पुनर्विकासाची पद्धत ठरवून दिली. तीप्रमाणे विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश, म्हणजे २७ सभासद हजर हवेत. पुनर्विकासाच्या ठरावाला किमान ५१ टक्के, म्हणजे २१ जणांची संमती हवी. बिल्डर निवडण्याच्या सभेला निबंधकांचा अधिकारी हजर हवा आणि सभेचे चित्रीकरण व्हावे. बिल्डरने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक हमी द्यावी. काम दोन वर्षांत, फार तर तीन वर्षांत पुरे करावे. घरोघर फिरून गोळा केलेल्या सह्या म्हणजे सभा नव्हे.

मात्र उलट बाजूही सांगितली पाहिजे. सभा रीतसर झाली आणि बहुमताने ठराव झाला, तर एकदोघांना तो अडवून धरता येत नाही; मुंबई उच्च न्यायालयाने असे अनेकदा सांगितले आहे. म्हणून बोलायचे ते सभेत, ठरावाच्या आधी बोलावे. करारनामा नोंदणीकृत हवा, त्यात चटई क्षेत्र आकड्यात लिहिलेले हवे, आणि जुन्या सभासदांची घरे बिल्डरला गहाण ठेवता येणार नाहीत, अशी अट हवी.

जमीन कोणाच्या नावे आहे, हेही तपासा. मूळ बिल्डरने अभिहस्तांतरण करून दिले नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीने जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा अर्ज करता येतो. आपल्या समाजाच्या पुष्कळ मागासवर्गीय गृहनिर्माण संस्था सरकारी जमिनीवर आहेत. तिथे घर विकायला आणि पुनर्विकासालाही शासनाची परवानगी लागते. रोख पैसे घेऊन तिथले घर सोडणारा आपल्या नातवंडांची शहरातली जागाही सोडून देतो, आणि त्या पैशात त्याच वस्तीत दुसरे घर येत नाही. हे रोकड मोजण्याआधी मोजावे.

काकांनी सही केली नाही. आम्ही दोघांनी बसून सेक्रेटरींच्या नावे अर्ज लिहिला, की कंपनीचा देकार लेखी स्वरूपात सर्वांना द्यावा आणि सभा बोलवावी. सभासदांपैकी एक पंचमांशांनी, म्हणजे ८ जणांनी मागणी केली, की समितीला सभा बोलवावी लागते. काका म्हणाले, "आठ माणसं तर आमच्या जिन्यातच मिळतील."

परवा त्यांचा फोन आला. अकरा सह्या झाल्या आहेत. या कागदावर मात्र एकही जागा कोरी नाही.