कुंभारणीचे घर

आमच्या संतपूरच्या निवासाच्या मागील पडवीत, खिडकीच्या चौकटीवर, यंदा श्रावणात एका कुंभारणीने घर बांधले. कुंभारीण म्हणजे अर्थातच कुंभारीण माशी. काळे अंग, पिवळे पाय आणि कंबर इतकी बारीक, की पुढचे व मागचे शरीर जणू दोऱ्याने जोडलेले. न्हाणीच्या पाण्याने जेथे काळी माती ओली राहते तेथून ती चिखलाची गोळी तोंडात धरून आणी, चौकटीवर बसवी, आणि बसविताना बारीक सुरात गुणगुणे. वाचकांनी हे गुणगुणणे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

झाडलोट करणाऱ्या मावशींनी त्या घरावर झाडू चालविला नाही. "मोडू नका, फादर. कुंभारणीनं घर केलं की घरात पाळणा हलतो," असे त्या म्हणाल्या, आणि आपण कोणाच्या घरात बोलत आहोत हे लक्षात येताच तोंडाला पदर लावून आत पळाल्या. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडे गांधीलमाशीला 'कणज' म्हणतात. कन्नडात कणज म्हणजे धान्याचे कोठारही होते. आपल्या कणगीची आठवण व्हावी असा शब्द. तो किती नेमका आहे हे मला नंतर कळले.

आता माझी चूक सांगतो. त्याच सुमारास एका रविवारी मी प्रवचनात या माशीचा दृष्टान्त दिला. माशी एका अळीला मातीच्या घरात कोंडते व दाराशी गुंजारव करीत राहते. अळी भयाने तिचेच चिंतन करते आणि शेवटी स्वतःच माशी होते, असा तो भ्रमर-कीटक न्याय. अवधूताच्या चोवीस गुरूंत ही कुंभारीण आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधातील ही कथा एकनाथांच्या टीकेमुळे मराठी घरांत पोहोचली. ती टीका नाथांनी 1573 साली काशीत पूर्ण केली. आमच्याकडे तर कलबुर्गी जिल्ह्यातील गाणगापूर जवळ, त्यामुळे दत्तगुरूंचे चोवीस गुरू कोणास नवे नाहीत. ज्याचे चिंतन करावे तसेच आपण होतो, हे मला सांगावयाचे होते. श्रोत्यांनी माना डोलाविल्या व मीही समाधानाने घरी आलो.

आठवड्याने धर्मशिक्षणाच्या वर्गातील एक मुलगा, इयत्ता सातवीतला, हातात मातीचे ढेकूळ घेऊन दारी आला. त्यांच्या गोठ्याच्या तुळईवरून त्याने ते काढले होते. "फादर, आत अळी नाहीच. कोळी आहेत."

आम्ही ते कागदावर पालथे केले. एका खोलीत अकरा लहान कोळी दाटून भरलेले होते, आणि एकाच्या पोटावर तांदळाच्या कणीएवढे पांढरे अंडे. कोळी वाळलेले नव्हते. काडी लावताच एकाने पाय हलविला, आणि मुलाने आपला हात मागे घेतला.

खरा प्रकार असा. माशी कोळ्याला नांगी मारते, ती बहुधा ठार करण्यासाठी नव्हे, लुळे करण्यासाठी. एक अंडे घालून, पुरेशी शिदोरी भरून ती खोली लिंपून टाकते. अंड्यातून निघालेली अळी ते ताजे अन्न खाऊन वाढते, कोश विणते आणि माशी होऊन माती कुरतडीत बाहेर पडते. या माशीच्या काही बहिणी कोळ्यांऐवजी हिरव्या अळ्या भरतात. दृष्टान्तातली अळी बहुधा तीच. जुन्यांनी अळी आत जाताना पाहिली, गुंजारव ऐकला, माशी बाहेर पडताना पाहिली. पाहणे सारे खरे होते, फक्त भिंतीआडचे अनुमान चुकले. गुंजारव हा अळीसाठी नसून चिखल थरथरवून मऊ करण्यासाठी असतो. चिनी लोकांतही हीच समजूत होती. तेथे तर दत्तक पुत्रालाच त्या अळीचे नाव पडले. परंतु ताओ होंगजिंग (456–536) या वैद्याने घरटी स्वतः न्याहाळून ती समजूत खोटी ठरविली. सहाव्या शतकात जे एका वैद्याला साधले, ते मला सातवीतल्या मुलाने दाखवावे लागले!

शिकार न सडता टिकते कशी, याचा शोध फ्रान्समधील अविन्यों येथील एका शिक्षकाने, झाँ-आंरी फाब्र यांनी, 1855 साली प्रसिद्ध केला. तोवर विद्वान मानीत, की नांगीचे विष मृत किड्याला टिकवून धरते. फाब्र यांनी दाखविले, की किडा मेलेलाच नसतो. पुढे 1898 साली अमेरिकेतील पेकहॅम दांपत्याने पुष्कळ शिकारी मरतातही, आणि माशीच्या अळीचे त्यावाचून काही अडत नाही, असे नोंदविले. फाब्र यांना नांगी जितकी अचूक वाटली तितकी ती नसते.

"त्यांना दुखत असेल का, फादर? देवाने असे का केले?"

सेमिनरीत शिकलेली दोन-तीन उत्तरे ओठांवर आली. त्या हलणाऱ्या पायाकडे पाहून ती मी गिळली. चार्ल्स डार्विन हेही तरुणपणी धर्मोपदेशक होण्यासाठीच केंब्रिजला गेले होते. 22 मे 1860 रोजी त्यांनी एसा ग्रे या आपल्या श्रद्धावान वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला लिहिले, की जिवंत अळ्यांच्या शरीरात आपली पिले पोसणाऱ्या माश्या कृपाळू व सर्वशक्तिमान देवाने हेतुपुरस्सर निर्मिल्या असतील, हे मनाला पटत नाही. माझा विद्यार्थी त्याच दारी उभा होता. "मला ठाऊक नाही, बाळ," एवढेच मी म्हणालो. धर्मगुरूला हे वाक्य फार क्वचित उच्चारावे लागते, म्हणून ते जड जाते.

मुलाच्या वडिलांना मात्र अशी शंका शिवली नाही. डार्विनला व्यथित करणाऱ्या त्याच कुळातील एक बारीक माशी हरभऱ्यावरील घाटे अळीच्या शरीरात अंडे घालते आणि फुकट राखण करते. फवारा मारला की अळीबरोबर तीही मरते. हे मी वाचून दाखविले तेव्हा, "मग असू द्या की," असे म्हणून ते बैलांकडे वळले.

पुढील रविवारी मी मिस्सेच्या वेळी चूक सुधारली. काहींना दृष्टान्त गेल्याचे वाईट वाटले, एका आजोबांनी तर, "आमचं ऐकलेलं काय खोटं?" म्हणून जाबच विचारला. त्यांना मी आमच्या खिडकीपाशी नेले. ते बराच वेळ पाहत राहिले, बोलले काही नाहीत.

मुलाने मोडलेल्या खोलीतले अंडे दोन दिवसांत वाळून गेले. "कोळीही गेले आणि माशीही झाली नाही," असे तो म्हणाला, आणि तेव्हापासून त्याने एकही घर मोडलेले नाही. शाळा सुटल्यावर तो आमच्या पडवीत येऊन बसतो. तेथील चार खोल्यांपैकी एकीला परवा वाटोळे भोक दिसले. आतली केव्हा उडून गेली ते कोणीच पाहिले नाही. तीन उरल्या आहेत. त्यांतली एखादी फुटू लागली, तर मुलाला वर्गातून बोलावून आणू नये, एवढी ताकीद मी मावशींना देऊन ठेवली आहे.