कांद्याची सबसिडी नक्की कोण कोणाला देतो?

मराठी विभागासाठी लेख देतोय म्हटल्यावर रूममेट पोट धरून हसला. कारण माझं पहिली ते दहावी शिक्षण नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं आणि अजूनही कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मी मनात आधी सिक्स्टी नाइन करून बघतो. तेव्हा मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. विषयही पोटाचाच आहे.

झालं असं, की एका रात्री मेसमध्ये कांद्याच्या भावावरून विषय निघाला. आमच्या टेबलावरचा एक मित्र (नाव लिहीत नाही, तो हे वाचणार आहे) म्हणाला, "तुम्हा शेतकऱ्यांचं बरंय रे. वीज फुकट, खत फुकट, कर्ज घेतलं की माफ. टॅक्स मात्र आमच्या बाबांनी भरायचा." सगळे हसले, मीही हसलो. टेबलावर शेतकऱ्याच्या घरचा मी एकटाच होतो. नाशिक जिल्ह्यात आमची साडेचार एकर जमीन आहे आणि माझ्या फर्स्ट इयरची फी कांद्यातून भरली गेली आहे. तरी मी उत्तर दिलं नाही, कारण तो बोलला ते अर्धं खरं होतं.

आधी ते अर्धं मान्य करून टाकतो. युरियाची ४५ किलोची गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते. खरी किंमत दोन हजारांच्या वर जाते, असं सरकारच सांगतं. मधला फरक केंद्र सरकार भरतं. एप्रिल २०२४ पासून महाराष्ट्रात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल माफ आहे. आमची मोटर पाच एचपीची, म्हणजे आम्हीही त्यात आलो. शिवाय पीएम किसानचे वर्षाला ६ हजार आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे ६ हजार. एकूण १२ हजार पप्पांच्या खात्यात येतात. नाकारायचं कशाला?

आता दुसरं अर्धं. त्यासाठी २०२३ हे एकच वर्ष पुरेसं आहे.

त्या वर्षी फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव इतके पडले, की काढणी आणि गाडीभाडंही सुटेना. ओरड झाली, विधानसभेत गोंधळ झाला आणि राज्य सरकारनं १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये अनुदान जाहीर केलं. मर्यादा एका शेतकऱ्याला २०० क्विंटल. अट अशी, की सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी. आमच्या सातबाऱ्यावर त्या हंगामाची नोंदच झालेली नव्हती. शेतात कांदा, चाळीत कांदा, हातात विक्रीची पट्टी. पण कागदावर कांदा नाही! पप्पांनी किती हेलपाटे मारले ते मी सांगत बसत नाही.

मग ऑगस्ट आला. कांदा जरा वर चढला तर १९ ऑगस्टला केंद्रानं निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या शेवटी टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य ठरवलं. आणि ७ डिसेंबरला अधिसूचना काढून दुसऱ्या दिवसापासून निर्यातच बंद केली. लाल कांदा नुकताच निघत होता. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने टिकतो, थांबता तरी येतं. लाल कांद्याला थांबता येत नाही; काढला की मार्केटला न्यावाच लागतो. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. बारावीची प्रिलिम तोंडावर होती, मी घरीच अभ्यास करत होतो. पप्पा त्या दिवसांत मोबाईलवर फक्त भाव बघायचे.

आमच्या कपाटात दोन पट्ट्या अजून आहेत. एक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली, क्विंटलला ३६०० रुपये. दुसरी नाताळच्या आसपासची, १७०० रुपये. माल तोच, वावर तेच. बंदीनंतर आमचा साधारण १२० क्विंटल कांदा गेला. एका क्विंटलमागे १९०० चा फरक धरला तर होतात २ लाख २८ हजार. त्याला सरकारकडून वर्षाला येणाऱ्या १२ हजारांनी भागा. उत्तर बरोबर एकोणीस येतं. म्हणजे एकोणीस वर्षांचा 'सन्मान' एका डिसेंबरमध्ये परत गेला. हा आकडा मात्र मला नाइन्टीन न करता पाठ आहे.

आणि ते २ लाख २८ हजार हवेत विरले नाहीत. ते शहरातल्या प्रत्येक घरात पाव-पाव किलोनं वाटले गेले. मेसच्या कांदाभजीत, पावभाजीत, टपरीवरच्या मिसळीत गेले. त्या हिवाळ्यात तुमच्या भजीला सबसिडी आमच्या पप्पांनी दिली, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही.

याला शेतीच्या अर्थशास्त्रात उणे सबसिडी म्हणतात. हा शब्द मी आजोबांकडून ऐकला. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांकडे शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला आहे आणि १९८० च्या नाशिकच्या कांदा-ऊस आंदोलनात ते रस्त्यावर बसले होते. लहानपणी सुट्टीत गावी गेलो की ते शरद जोशींच्या गोष्टी सांगायचे आणि मी कंटाळून व्हिडिओ गेम खेळायचो. आता कळतं. जोशी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरीला होते. तिथल्या शेतकऱ्याला सरकार किती जपतं ते डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस नोकरी सोडून परत आला, १९७७ मध्ये चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली आणि म्हणाला की मला सबसिडी नको, भाव पाडणं थांबवा. २०१८ मध्ये ओईसीडी या संस्थेनं भारताच्या शेतीधोरणाचा अभ्यास छापला. २००० ते २०१६ या काळात युरिया, वीज, पाणी असं सगळं धरूनही भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार सरासरी उणे १४ टक्के निघाला. दादांनी तो अहवाल वाचलेला नाही. त्यांना गरज नाही.

मग युरोपचं काय? तिथे आमच्या अगदी उलट चूक झाली होती, म्हणून तिचा अभ्यास करण्यासारखा आहे. १९६२ पासून त्यांनी शेतमालाला बाजारापेक्षा चढा भाव बांधून दिला. जितकं पिकवाल तितकं सरकार घेणार. शेतकरी काय वेडा आहे? त्यानं पिकवलं. लोण्याचे ढीग गोदामांत साठले, वाईनची तळी झाली (हे त्यांचेच शब्द), आणि १९८० च्या दशकात युरोपीय समुदायाच्या बजेटचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग एकट्या शेतीवर जाऊ लागला. जादा माल अनुदान देऊन परदेशात स्वस्तात ओतला जायचा आणि त्यानं गरीब देशांतले शेतकरी मरायचे. शेवटी १९९२ मध्ये मॅकशॅरी या आयरिश कमिशनरनं धान्याचे हमीभाव उतरवले आणि त्याबदली हेक्टरी पैसे थेट द्यायला सुरुवात केली. २००३ मध्ये फिशलर या ऑस्ट्रियन कमिशनरनं पुढचं पाऊल टाकलं. तुम्ही गहू पेरा, गाई पाळा, नाहीतर काहीच पेरू नका. जमीन नीट राखा, पैसे मिळतील. सबसिडीची पिकाशी बांधलेली गाठ सोडली. मला वाटतं हाच त्यातला सर्वांत शहाणा भाग आहे.

कारण आपल्याकडची गाठ अजून वस्तूलाच बांधलेली आहे. युरियाचे पैसे गोणीमागे जातात, म्हणून ज्याच्याकडे जमीन जास्त तो जास्त गोण्या उचलतो. २०१० मध्ये इतर खतांचं अनुदान अन्नद्रव्यांवर ठरवलं, युरिया तेवढा बाजूला ठेवला. म्हणून तो इतर खतांपेक्षा फारच स्वस्त राहिला आणि रानात नत्राचा मारा सुरू झाला. आणि हंगामात ती स्वस्त गोणी मागायला गेलं की दुकानदार सोबत नको असलेली बाटली गळ्यात मारतो. त्याला 'लिंकिंग' म्हणतात, शेतकऱ्याच्या पोराला विचारा. विजेचंही तसंच. पाळी रात्रीची असली की बिबट्याच्या भीतीनं बॅटरी आणि काठी घेऊन पाणी भरायला जावं लागतं. पप्पा म्हणतात, "बिल घ्या, पण लाईट दिवसा द्या."

युरोपचं सगळंच गोड आहे असं मात्र मी म्हणत नाही. पैसे हेक्टरी दिल्यामुळे सुमारे ८० टक्के रक्कम २० टक्के मोठ्या जमीनदारांकडे जाते, ही तिथली जुनी तक्रार आहे. आणि दिलेलं काढून घेणं किती कठीण! जर्मनीनं शेतीच्या डिझेलची सवलत काढायचं ठरवलं तर जानेवारी २०२४ मध्ये बर्लिनमध्ये ट्रॅक्टर घुसले, १ फेब्रुवारीला ब्रसेल्समध्ये युरोपीय संसदेवर अंडी फेकली गेली. नाशिकला निर्यातबंदी चालू होती, त्याच दिवसांत. ते मिळणारं जाऊ नये म्हणून रस्त्यावर आले होते, आम्ही आमचंच आम्हाला विकू द्या म्हणून.

तेव्हा माझं म्हणणं असं. युरिया आणि विजेवरचा पैसा टप्प्याटप्प्यानं शेतकऱ्याच्या खात्यात वळवा, सातबारा कितीही मोठा असला तरी वरची मर्यादा ठेवून. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या वाटेकऱ्याला आणि राबणाऱ्या बाईलाही त्यात धरा (माझी काकू वावरात काकांपेक्षा जास्त असते, तिच्या नावावर काही नाही). पण हे सगळं नंतर. त्याआधी रात्रीतून निर्यात बंद करायची सवय सोडा. आपण कंट्रोल सिस्टिम शिकतो ना? आउटपुट मोजायला उशीर आणि करेक्शन मात्र जोरदार, अशी सिस्टिम स्थिर होत नाही, हेलकावे खाते. कांद्याचं रोप टाकल्यापासून माल हातात यायला चार-पाच महिने लागतात आणि धोरण एका रात्रीत बदलतं. ३१ मार्चला संपणारी ती बंदी पुढे वाढवली, ४ मे २०२४ ला उठवली, पण ४० टक्के शुल्क ठेवून. ते सप्टेंबरात २० वर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला गेलं. या दीड वर्षात शेतकऱ्यानं किती एकर लावायचा, ते कशावर ठरवायचं होतं?

यावर मेसमधला मित्र म्हणेल, मग गरिबानं कांदा खायचा नाही का? प्रश्न योग्य आहे. इथे करंजाड्यात हॉस्टेलबाहेर संध्याकाळी भाजीच्या गाड्या लागतात. तिथे एक काका रोज अर्धा किलो कांदा घेतात, निवडून निवडून. त्यांच्या घरची भातशेती होती, सिडकोच्या संपादनात गेली. आता ते वॉचमनची ड्युटी करतात आणि डोक्यावरून विमानं जातात. त्यांना कांदा ७० रुपयांनी परवडणार नाही, हे मला दिसतं. पण रेशनचा गहू-तांदूळ सरकार विकत घेतं आणि फुकट देतं, तो तोटा सरकार स्वतः सोसतं. गरिबाला स्वस्त द्यायचं तर असं देता येतं. कांद्याच्या वेळी तोच तोटा शेतकऱ्याच्या ट्रॉलीतून का काढायचा? आणि त्या काकांबरोबर एसी गाडीतून उतरून कांदा घेणाऱ्यालाही तीच सवलत का?

आणि हो, फुकटवरून बोलणाऱ्या माझ्या मित्राची अर्धी ट्यूशन फी ईबीसीतून माफ आहे. माझीही आहे. त्याबद्दल आम्हा दोघांना मेसमध्ये कोणी टोमणा मारत नाही.

परवा पप्पांचा फोन आला होता. अभ्यासाचं विचारलं, मग म्हणाले, "तुमच्या मेसला आठवड्याला कांदा किती लागतो रे?" मी मेस सेक्रेटरीला विचारलं. तो म्हणाला, आपण नेहमीच्या व्यापाऱ्याकडून घेतो, बदलायचं तर वॉर्डन सरांची परवानगी लागेल. सर, आपण हे वाचत असाल तर भाव मी पट्टीसकट दाखवायला तयार आहे.