पावणे म्हणजे पाहुणे नव्हेत!

बालमित्रांनो,

आमच्या रत्नागिरीत आंब्याचा हिशेब डझनावर चालतो. म्हणून चौथीच्या वर्गात मी फळ्यावर एक गणित लिहिलं : 'एका टोपलीत पावणेदोन डझन आंबे, तर चार टोपल्यांत किती?' पाढे घडाघडा म्हणणारी एक मुलगी कोरी वही पुढ्यात घेऊन बसली होती. विचारलं तर म्हणाली, "बाई, पावणे म्हणजे घरी येतात ते ना? ते आंब्यांत कशाला?"

वर्ग खो खो हसला. ती मात्र मान खाली घालून पुटपुटली, "मला गणित येतच नाही."

मला फार वाईट वाटलं. गणित तिला येत होतं. अडला होता तो शब्द, आणि त्याचा अर्थ मीच कधी सांगितला नव्हता!

चला, आज तो शब्द फोडून बघू या. संस्कृतात 'पाद' म्हणजे चौथा भाग. त्याचाच झाला आपला 'पाव'. 'ऊन' म्हणजे कमी. (अंगणातलं ऊन नव्हे बरं का!) दोन्ही मिळून झालं पाऊण, पावणे. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. डझनाचा पाव ३. म्हणून २४ वजा ३, म्हणजे २१ आंबे. चार टोपल्यांत ८४. झालं की नाही सोपं?

सव्वा म्हणजे पावासहित आणि साडे म्हणजे अर्ध्यासहित. सव्वा डझन १५, साडेतीन डझन ४२. पण सव्वाशे म्हणजे १२५, कारण इथे पाव आहे तो शंभराचा. पाव कशाचा, हे आधी बघायचं!

तो 'ऊन' आणखी एका जागी लपलाय. एकोणतीस म्हणजे एक ऊन तीस, तिसाला एक कमी. कानावर 'तीस' पडलं की काही मुलं घाईत ३९ लिहून मोकळी होतात. तेव्हा 'एकोण' ऐकलं, की एक पाऊल मागे यायचं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' अशीही वाचनाची रीत आली, आणि राज्यभर वाद झाला. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी, म्हणून मुलं गोंधळतात, असं गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं. आपली भाषा बिघडेल, अशी इतरांना काळजी होती. मला वाटतं, संख्या कशीही वाचा, पण शब्दाच्या पोटात काय आहे ते मुलांना कळू द्या.

आईबाबांनो, मूल "मला गणित येत नाही" म्हणालं, तर रागावू नका. आधी विचारा, "कुठला शब्द अडला?"

आणि ती मुलगी? दुसऱ्या दिवशी तिनेच मला गाठलं. "बाई, १९, २९ पासून ८९ पर्यंत सगळीकडे एकोण आहे. ९९ मध्ये का नाही हो?"

आता वर्गात कुणी हसलं नाही. सगळे विचारात पडले!

तुम्हीही 'नव्याण्णव' फोडून बघा. आत काय सापडतंय?

तुमच्या बाई