भात सुटला, खाज मात्र राहिली

गेल्या नवरात्रातील गोष्ट. पन्नाशीच्या आसपासच्या एक शिक्षिका मुलाच्या खांद्याचा आधार घेत आमच्या दवाखान्यात आल्या. दोन दिवसांपासून उलट्या, पोटात दुखणे आणि धाप. "डॉक्टर, पित्त झालंय हो, उपवासाचं," असे निदानही त्यांनीच करून टाकले. साखर तपासली तर १९०. मधुमेही माणसाची एवढी साखर पाहून कोणी घाबरत नाही. खरे सांगायचे तर माझ्याही मनात आधी पित्तच आले. पण श्वास फार खोल आणि भरभर चालला होता, म्हणून लघवी तपासली आणि गोळ्यांची पिशवी उघडायला लावली. लघवीत किटोनचे प्रमाण भरपूर निघाले आणि पिशवीत एक गोळी निघाली. पुढच्या तासाभरात बाईंना जिल्ह्याच्या ठिकाणी अतिदक्षता विभागात हलवावे लागले. चार दिवसांनी त्या सुखरूप घरी आल्या.

वाचकहो, या प्रसंगाचे मूळ पित्तात नव्हते, नुसत्या उपवासातही नव्हते. ते होते दोन महिने लपवून ठेवलेल्या खाजेत आणि त्या खाजेवर स्वतःच शोधलेल्या पथ्यात. बाईंनी नाव न घालता लिहायला परवानगी दिली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

झाले होते असे. वजन आणि साखर उतरावी म्हणून बाईंनी भात-पोळी कमी करून अंडी, पनीर, तूप, दाणे असा आहार सुरू केला. हल्ली याला 'कीटो' म्हणतात. वजन उतरले, साखरही सुधारली. त्याच सुमारास दुसऱ्या गावच्या डॉक्टरांनी मधुमेहाची एक नवी गोळी सुरू केली. या आहाराविषयी त्यांना बाईंनी सांगितले नव्हते. पंधरा दिवसांत लघवीच्या जागी खाज, आग आणि दह्यासारखे पांढरे जाणे सुरू झाले. अशा जागेचे कोणाला सांगायचे? एका नात्यातल्या ताईंनी सल्ला दिला, "ही बुरशी आहे, ती साखरेवर जगते. गोड-पिष्टमय सगळं तोड, उपाशी मरेल." मग भाकरी गेली, फळे गेली, डाळीही गेल्या. खाज काही जाईना. औषधाच्या दुकानातून तीन वेळा गोळी आणून झाली. त्यावर नवरात्राचे उपवास आले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत!

बुरशी कुठली, साखर कुठली

या त्रासाचे नेहमीचे कारण म्हणजे कॅन्डिडा नावाची किण्वबुरशी, इंग्रजीत यीस्ट. ती बाहेरून उडून येत नाही. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनिमार्गात ती थोड्या प्रमाणात असतेच. शेजारचे उपकारक जंतू तिला आवरून धरतात. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, गर्भारपण आले, स्टिरॉइड सुरू झाले किंवा मधुमेह वाढला की हे संतुलन बिघडते आणि ती माजते. शंभरातील सुमारे ७५ स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. तेव्हा यात लाजण्यासारखे, चारित्र्यावर बोट ठेवण्यासारखे काहीही नाही. पुरुषांनाही तो होतो. शिश्नाची पुढची कातडी लाल होऊन चिरा पडणे हे अनेकदा मधुमेहाचे पहिले लक्षण असते.

मधुमेहात साखर वाढल्यावर ही बुरशी फोफावते हे खरे. म्हणून ज्यांची साखर चढलेली आहे त्यांनी पिष्टमय पदार्थ कमी केले, साखर आटोक्यात आली, तर खाजेलाही उतार पडतो. इथवर त्या ताईंचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण ज्यांची साखर मुळात नॉर्मल आहे त्यांनी भात सोडल्याने बुरशी उपाशी मरते याला खात्रीचा पुरावा नाही. आपण गोड खाल्ले नाही तरी शरीर रक्तातील साखर ठरावीक पातळीवर राखतेच. शिवाय ही बुरशी फार कावेबाज. साखर नसेल तर ती प्रथिनांवर आणि स्निग्धांशावरही गुजराण करू शकते.

'अंगातली बुरशी हेच सर्व दुखण्यांचे मूळ' हा विचार अमेरिकेत १९८३ साली विल्यम क्रूक यांच्या 'द यीस्ट कनेक्शन' या पुस्तकाने गाजवला. थकवा, डोकेदुखी, उदासी, सगळ्याचा दोष यीस्टला. १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी अशा तक्रारी असलेल्या स्त्रियांना निस्टॅटिन हे बुरशीनाशक आणि दिसायला तशीच खोटी गोळी देऊन पाहिले. योनिमार्गाचा त्रास औषधाने कमी झाला, पण थकवा-उदासीच्या बाबतीत खऱ्या औषधाने खोट्यापेक्षा काही जास्त साधले नाही. तरीही तीच कल्पना नवे कपडे घालून आज आपल्या घराघरांत मोबाइलवर फिरते आहे. आहार बदलल्यावर पहिल्या आठवड्यात गळून गेल्यासारखे वाटले की 'बुरशी मरते आहे, चांगले लक्षण आहे' असे सांगतात. वास्तविक तो मीठ-पाणी कमी झाल्याचा आणि शरीराचे इंधन बदलल्याचा परिणाम असतो.

इडली, ढोकळा, दही बंद करण्याचेही तसेच. आंबवलेल्या पदार्थातील किण्व वेगळे, अंगावरची कॅन्डिडा वेगळी. इडलीत तांदूळ आहे म्हणून कमी खा, हे समजू शकतो. पण ती आंबली म्हणून भिऊ नका.

ती गोळी

आता पिशवीतल्या गोळीकडे येऊ. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन ही या कुटुंबाची नावे. पाकिटावर 'ग्लिफ्लोझिन' अशा शेवटाचे नाव दिसले की ओळखावे. ही औषधे मूत्रपिंडातून साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, दिवसाला साठ-सत्तर ग्रॅमपर्यंत. औषधे वाईट नाहीत. हृदय आणि मूत्रपिंड जपणारी म्हणून त्यांचे मोल मोठे आहे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० साली संपल्यावर ती स्वस्त झाली आणि खेड्यापाड्यांत पोचली, हेही चांगलेच झाले. पण लघवीत साखर उतरली की त्या जागी बुरशीला आयते ताट वाढल्यासारखे होते. ताटातली साखर कितीही तोडा, गोळी चालू असेपर्यंत लघवीत थोडीफार साखर उतरतच राहते.

याहून गंभीर धोका दुसरा. या गोळीवर असताना पिष्टमय पदार्थ जवळजवळ बंद केले, कडक उपवास केला, उलट्या-जुलाबांनी पाणी कमी झाले, तर रक्तात किटोन साचून आम्ल वाढते. याला किटोअॅसिडोसिस म्हणतात. एरवी मधुमेह्याला हा विकार होतो तेव्हा साखर तीनशे-चारशेच्या घरात असते. इथे ती दीड-दोनशेच असू शकते आणि म्हणूनच रुग्ण फसतो, डॉक्टरही फसतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ सालीच याचा इशारा दिला आहे. बाईंचे नेमके हेच झाले. गोळीने खाज आणली, खाजेने पथ्य कडक केले आणि कडक पथ्याने गोळी विषारी ठरवली.

दुसरी एक जोडीही ध्यानात ठेवा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी, त्यावर कमी पिष्टमय आहार आणि बुरशीसाठी दुकानातून आणलेली फ्लुकोनॅझोल. फ्लुकोनॅझोलमुळे ग्लिमेपिराइडचा जोर वाढतो आणि साखर एकदम खाली जाऊन चक्कर, घाम, बेशुद्धी येऊ शकते. गर्भवतींनी तर फ्लुकोनॅझोल स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

सगळीच खाज यीस्टची नसते

जांघेत वर्तुळाकार, कडेला उठावदार चट्टा असेल तर बहुधा ते गजकर्ण. त्याची बुरशी वेगळी आणि उपचारही जास्त दिवसांचा. पिष्टमय पदार्थ एकदम तोडल्यावर काहींच्या छाती-पाठीवर जाळीसारखे लालसर-तपकिरी, खाजरे पुरळ उठते. ते किटोनशी संबंधित असते, तिथे बुरशी नसतेच. थोडी भाकरी-भात पुन्हा सुरू केला की ते अनेकदा ओसरते. अशा वेळी बुरशीच्या समजुतीने पथ्य आणखी कडक करणे म्हणजे उलटाच उपचार. आणि दुकानातली तीन-चार औषधे एकत्र असलेली मलमे? त्यांतल्या स्टिरॉइडने खाज दोन दिवस दबते आणि बुरशी खालून पसरते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइडयुक्त मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. तो नियम किती पाळला जातो ते आपण सारे जाणतोच.

मग करावे काय?

कमी पिष्टमय आहाराला माझा सरसकट विरोध नाही. स्थूल मधुमेह्यांना त्याचा लाभ होताना मी पाहिला आहे. माझा विरोध आहे तो औषध आणि आहार यांची एकमेकांशी ओळख करून न देण्याला. आहार बदलायच्या आधी गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिफ्लोझिन, ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्रा बदलावी लागते, कधी गोळीच बदलावी लागते. पण हृदयासाठी दिलेली गोळी केवळ खाजेपायी परस्पर बंद करू नका.

खाज वर्षातून तीन किंवा अधिक वेळा आली तर आधी साखर तपासा. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी ६.५ किंवा त्याहून अधिक, हे मधुमेहाचे आकडे. ती जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. साबण, डेटॉल आत वापरू नका. सुती कपडे वापरा, पावसाळ्यात दमट कपडे तसेच घालू नका. बुरशीचा साधा संसर्ग योग्य औषधाने आठवड्याभरात बरा होतो.

ग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांना उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर ती गोळी त्या दिवशी थांबवून लगेच दवाखाना गाठा. इन्सुलिन असेल तर ते मात्र आपल्या मनाने बंद करू नका. साखर कमी दिसते म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना गोळीचे नाव सांगा आणि किटोन तपासायला सांगा. नवरात्र, श्रावण, रमजान, कोणताही उपवास असो, आधी विचारून करा.

आणि एक विनंती आम्हा डॉक्टरांनाही. ही गोळी लिहिताना 'त्या जागी खाज आली तर न लाजता सांगा' आणि 'जेवणात काही बदल करणार असाल तर कळवा' ही दोन वाक्ये बोलायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट आपल्यापैकी किती जण देतो?

बाईंची गोळी आता बदलली आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धी भाकरी, भरपूर भाजी, वाटीभर डाळ असा आहार आहे. खाज दहा दिवसांत गेली. परवा तपासणीला आल्या तेव्हा म्हणाल्या, "डॉक्टर, तीस वर्षं मुलींना शिकवलं, लाजू नका, त्रास असेल तर सांगा म्हणून. आणि मीच नाही सांगितलं."

घरातल्या आईला, बहिणीला, पत्नीला आजच एकदा विचारा. आणि त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावरचे नावही वाचून ठेवा.