सुटता सुटेना!

आधीच सांगून टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र अस्सल हॉस्टेलचा आहे: बाईकच्या पेट्रोलच्या टाकीवर बसवायची बॅग. "हा काय लेखाचा विषय झाला?" असं मेसमध्ये सगळ्यांनी विचारलं. पण या बॅगेपायी माझी बारावीची मूळ गुणपत्रिका गेलीय, त्यामुळे बोलायचा हक्क मला आहे.

झालं असं. गेल्या जुलैमध्ये बाबांची जुनी पल्सर घेऊन मी पुण्याहून कोल्हापूरला निघाले. टाकीवर चार पट्ट्यांनी करकचून आवळलेली बॅग. स्कॉलरशिपसाठी लागणारी गुणपत्रिका तिच्यातच. खंबाटकी घाट ओलांडल्यावर चहाला थांबले. बॅग सोबत न्यायची तर चारही पट्ट्या सोडा आणि पुन्हा बांधा! म्हटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे. परत येऊन बघते तर बॅग जागेवर, चेन उघडी, आणि फाईल नि पाकीट गायब.

मग पोलीस स्टेशन, प्रतिज्ञापत्र, बोर्डाच्या चकरा. तोवर स्कॉलरशिपची तारीख उलटून गेली. बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून फी भरली. मला एका शब्दानेही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

चोराला शिव्या घालून झाल्यावर लक्षात आलं की बॅग बांधण्यात माझी काहीच चूक नव्हती. ती सोडायचा मला कंटाळा आला, इथेच सगळं चुकलं. जी काळजी घ्यायला कष्ट पडतात, ती माणूस टाळतो. हेल्मेट घालून बकल न लावणारे आपल्यात कमी आहेत का? म्हणून माझं स्पष्ट मत आहे की क्विक रिलीज म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले नव्हेत. बॅग एका हाताने निघाली तरच ती आपल्याबरोबर येते.

आता निवड कशी करायची? प्रकार मुख्यतः तीन.

पहिला, रिंगवाला. टाकीच्या झाकणाभोवतीचे स्क्रू काढून तिथे एक कडं बसवतात आणि बॅग त्यावर खट्कन बसते. इटलीच्या गिवी कंपनीचं 'टँकलॉक' याच जातीचं. बॅग टाकीला घासत नाही, रंग शाबूत राहतो. पण स्क्रूंची संख्या नि अंतर गाडीगणिक बदलतं, त्यामुळे आपल्या मॉडेलचं कडं मिळतंय याची खात्री झाल्याशिवाय बॅग घेऊ नका. ज्या झाकणाला स्क्रूच नाहीत, तिथे हा प्रकार विसरा.

दुसरा, चुंबकवाला. काढायला सगळ्यात सोपा, पण टाकी लोखंडी पत्र्याचीच हवी. वर प्लॅस्टिकचं आवरण असेल तर चुंबक काय करणार? दुकानात जायच्या आधी फ्रिजवरचं चुंबक टाकीला लावून बघा. चुंबकाखाली वाळूचे कण अडकले तर रंगावर ओरखडे पडतात, तेव्हा आधी फडकं मारायचं. आणि घरात कुणाला पेसमेकर असेल तर हा प्रकार नकोच. माझ्या आजोबांना आहे, आणि मी पोचले की सगळ्यात आधी बॅग उचलायला तेच धावतात!

तिसरा, तळपट्टीवाला. पट्ट्यांचा तळ टाकीवर कायम बांधलेला, वरची बॅग बकलांनी अडकवायची. दिसायला साधा, पण बऱ्याच गाड्यांना चालतो. मी हाच घेतला.

मापासाठी आपलं इंजिनिअरिंग वापरा. बॅगेच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा, टाकीवर ठेवा आणि गाडी उभी असतानाच हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा. खोका हँडलला अडला, हॉर्न दाबला गेला किंवा मीटर झाकला गेला तर लहान बॅग घ्या. गर्दीत यू टर्न घेताना हँडल अडकलं की आपण आडवे! आमच्या विंगमध्ये सगळ्या हसल्या, पण खोक्याने मला मोठी बॅग घेण्यापासून वाचवलं.

ओझं टाकीवर ठेवणं तसं बरंच. ते दोन्ही चाकांच्या मध्ये राहतं. मागच्या चाकाच्याही मागे वजन लटकवलं की पुढचं चाक हलकं होतं, हे अप्लाइड मेकॅनिक्सच्या सरांना विचारा (मला विचारू नका, मला जेमतेम पासिंग होतं). मात्र पाने, कुलूप असल्या टणक वस्तू या बॅगेत नकोत. गाडी धडकली तर आपली छाती आणि पोट त्यावरच आदळतं. आणि पावसाचं कव्हर लगेच हाताला लागेल असं ठेवा, सगळ्यात खाली नको.

दुकानात गेलात की बॅग लावून मागा, पावसाळी हातमोजे घाला आणि एका हाताने काढून बघा. एका दमात निघाली तरच पैसे द्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

परवा त्याच रस्त्याने घरी गेले. चहाच्या बाकड्यावर माझ्या शेजारी माझी बॅग बसली होती. आत गुणपत्रिकेची फक्त झेरॉक्स. तेवढं शहाणपण आलंय आता!